शोकातून सलोख्याकडे

प्रस्तावना

घरातील माणूस अकाली जाणे हे दुःख मोठेच असते. परंतु त्या माणसाला कोणी ठार मारले असेल, तर दुःखाच्या पाठोपाठ संतापही घरात शिरतो. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' अशी आपल्याकडे म्हण आहे. आपले दुःख दुसऱ्या कोणाला, त्यातही शत्रूच्या बाजूच्या माणसाला, कधीच कळणार नाही असे शोकग्रस्ताला वाटते. त्यातून सुडाची इच्छा जन्म घेते, सुडातून नवा मृत्यू घडतो आणि आणखी एका घरात तेच दुःख पोचते.

हे चक्र थांबवण्याचा प्रयत्न करणारी काही माणसे इस्रायल आणि पॅलेस्टाईन येथे आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने या संघर्षात आपले मूल, भाऊ, बहीण, आई किंवा वडील गमावले आहेत. तरीही ही माणसे समोरच्या बाजूच्या शोकग्रस्तांना भेटतात, त्यांचे ऐकतात आणि आपले सांगतात. ती हे का करतात, कसे करतात, आणि त्यातून काय साधते व काय साधत नाही, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही -
• शोकग्रस्त कुटुंबांच्या सलोखा-कार्याचा आरंभ व कार्यपद्धती सांगू शकाल;
• क्षमा, तडजोड, विस्मरण आणि सलोखा या संकल्पनांमधील फरक स्पष्ट करू शकाल;
• या कार्यावर होणारी टीका व त्याच्या मर्यादा समजून घेऊ शकाल;
• आपल्या परिसरातील तंट्यांकडे या दृष्टीने पाहू शकाल.

मूलपाठ

१. एका शब्दाचे नाते

पती वारलेल्या स्त्रीला आपण विधवा म्हणतो आणि पत्नी वारलेल्या पुरुषाला विधुर. आईवडील गमावलेले मूल अनाथ किंवा पोरके होते. परंतु मूल गमावलेल्या आईबापांसाठी रोजच्या मराठीत असा एक रूढ शब्द नाही. 'पुत्रशोक' हा शब्द दुःखाला नाव देतो. ते दुःख सोसणाऱ्याला नाव देत नाही.

इस्रायलमधील ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेत असा शब्द आहे. मूल गमावलेल्या पित्याला तेथे 'शकूल' म्हणतात. पॅलेस्टिनी लोकांच्या अरबी भाषेतही असा शब्द आहे. मूल गमावलेली आई म्हणजे 'थकला'. हिब्रू आणि अरबी या दोन्ही भाषा सेमिटिक कुळातील आहेत आणि हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून आलेले आहेत. एकमेकांशी लढणाऱ्या दोन समाजांनी या दुःखासाठी मुळात एकच शब्द जपून ठेवला आहे. त्या शब्दात बसणारी माणसे मात्र बराच काळ एकमेकांना भेटलेली नव्हती.

२. संघर्षाची पार्श्वभूमी

१९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले. युरोपात लाखो ज्यूंचा संहार नुकताच झालेला होता. त्यामुळे ज्यूंच्या दृष्टीने ही स्वतःच्या सुरक्षित घराची स्थापना होती. त्याच वेळी झालेल्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक आपल्या गावांतून विस्थापित झाले. पॅलेस्टिनी लोक या घटनेला 'नकबा', म्हणजे महाविपत्ती, असे म्हणतात. १९६७ च्या युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा पट्टी ताब्यात घेतली. १९८७ मध्ये पॅलेस्टिनी जनतेचा पहिला उठाव झाला. १९९३ च्या ओस्लो करारामुळे शांततेची आशा निर्माण झाली. पण ती टिकली नाही. २००० साली दुसरा, अधिक रक्तरंजित उठाव सुरू झाला.

एकाच वर्षाला एका बाजूने स्वातंत्र्य म्हणावे आणि दुसऱ्या बाजूने महाविपत्ती म्हणावे, असा हा संघर्ष आहे. दोन्हीकडची मुले वेगवेगळा इतिहास ऐकत वाढतात. पश्चिम किनाऱ्यावरील अनेक पॅलेस्टिनी मुलांना इस्रायली माणूस दिसतो तो तपासणी नाक्यावरील बंदूकधारी सैनिक किंवा वसाहतकरी म्हणून. अनेक इस्रायली मुलांना पॅलेस्टिनी माणूस दिसतो तो बातम्यांमधील हल्लेखोर म्हणून. दोघांच्याही डोळ्यांपुढे माणसाचे घर, त्याची आई, त्याचे मूल येत नाही.

३. वर्तुळाचा आरंभ

जुलै १९९४ मध्ये अरिक नावाच्या एकोणीस वर्षांच्या इस्रायली सैनिकाचे 'हमास' या संघटनेच्या लोकांनी अपहरण करून त्याला ठार मारले. त्याचे वडील यित्झाक फ्रँकेन्थाल हे धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थ. दोन समाजांत शांतता नाही, म्हणून आपला मुलगा गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शांततेसाठी काही करायचे तर ते आपल्यासारख्यांनीच केले पाहिजे, असे त्यांना वाटले. जुन्या वर्तमानपत्रांतील बातम्या चाळून त्यांनी मुले गमावलेल्या कुटुंबांची नावे शोधली आणि त्यांच्याशी संपर्क साधला. १९९५ साली त्यातून 'पेरेंट्स सर्कल', म्हणजे 'पालकांचे वर्तुळ', हा गट उभा राहिला. पुढे त्याचे नाव 'पेरेंट्स सर्कल - फॅमिलीज फोरम' असे झाले.

१९९८ मध्ये या इस्रायली कुटुंबांची गाझातील शोकग्रस्त पॅलेस्टिनी कुटुंबांशी पहिली भेट झाली. २००० च्या उठावानंतर गाझाशी असलेला हा दुवा तुटला. परंतु त्यानंतर पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम येथील कुटुंबे मोठ्या संख्येने सामील होऊ लागली. अली अबू अव्वाद या तरुणाचे घर त्यांपैकी एक. त्याने व त्याच्या आईने इस्रायली तुरुंगवास भोगला होता. २००० साली त्याचा भाऊ इस्रायली सैनिकाच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर मुले गमावलेले इस्रायली पालक त्याच्या आईला भेटायला घरी आले. इस्रायली माणसाच्या डोळ्यांत अश्रू त्याने प्रथमच पाहिले. अहिंसक चळवळीच्या कामाबद्दल २०२३ चा 'इंदिरा गांधी शांतता पुरस्कार' अली अबू अव्वाद आणि संगीतकार डॅनियल बॅरनबॉइम यांना संयुक्तपणे जाहीर झाला.

आज या मंचात दोन्ही बाजूंची मिळून सातशेहून अधिक कुटुंबे आहेत. कारभार इस्रायली आणि पॅलेस्टिनी असे दोघे संचालक मिळून पाहतात. 'आम्हांला नवे सभासद नकोत' असे म्हणणारी ही कदाचित एकमेव संस्था असावी. कारण येथे येणारा प्रत्येक नवा सभासद म्हणजे आणखी एक मृत्यू.

४. दोन पिते

या मंचाचे काम समजून घेण्यासाठी दोन पित्यांच्या आयुष्याकडे पाहू या.

रामी एल्हानन हे जेरुसलेमचे ग्राफिक डिझायनर. त्यांचे वडील आउशविट्झच्या छळछावणीतून वाचलेले. रामी स्वतः १९७३ च्या युद्धात सैनिक होते. युद्धाच्या कटू अनुभवानंतर त्यांनी राजकारणापासून दूर राहून संसार केला. ४ सप्टेंबर १९९७ रोजी जेरुसलेमच्या गजबजलेल्या बेन येहुदा रस्त्यावर तीन आत्मघातकी हल्लेखोरांनी स्फोट घडवले. त्यांत पाच जण मारले गेले. रामी यांची तेरा वर्षांची मुलगी स्मदार मैत्रिणींबरोबर तेथे गेली होती. ती त्या पाचांमध्ये होती.

ज्यू रिवाजाप्रमाणे सात दिवस घर भेटायला येणाऱ्यांनी भरलेले होते. आठव्या दिवशी घर रिकामे झाले आणि रामी यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : आता या दुःखाचे करायचे काय? सुमारे वर्षभराने त्यांची फ्रँकेन्थाल यांच्याशी गाठ पडली. नुकतेच मूल गमावलेल्यांच्या घरी जाऊन शांततेच्या गोष्टी कशा काय करता, असे रामी यांनी त्यांना रागाने विचारले. फ्रँकेन्थाल चिडले नाहीत. त्यांनी रामी यांना एका बैठकीला येण्याचे निमंत्रण दिले. रामी गेले, पण बाजूला उभे राहून साशंक नजरेने सर्व पाहत राहिले. पॅलेस्टिनी कुटुंबे बसमधून उतरत होती. त्यांत काळ्या पोशाखातील एक अरब स्त्री होती. तिने आपल्या लहान मुलाचे छायाचित्र छातीशी लावले होते. रामी यांची पत्नीही स्मदारचे छायाचित्र असेच जवळ बाळगत असे. वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, पॅलेस्टिनी माणूस आपल्यासारखेच ओझे वाहतो हे रामी यांनी प्रथमच प्रत्यक्ष पाहिले. त्या दिवसापासून त्यांनी या कामाला वाहून घेतले. त्यांच्या पत्नी नुरित पेलेद-एल्हानन यांनी मुलीच्या मृत्यूनंतर आपल्याच सरकारच्या धोरणावर कठोर टीका केली. २००१ मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार त्यांना आणि इझ्झत गझ्झावी या पॅलेस्टिनी लेखकाला मिळाला. अँगोलातील एका धर्मगुरूचाही त्या वर्षीच्या मानकऱ्यांत समावेश होता. गझ्झावी यांचा सोळा वर्षांचा मुलगा १९९३ मध्ये इस्रायली सैनिकांच्या गोळीने मारला गेला होता.

दुसरे पिते बसाम अरामीन. किशोरवयातच ते सैनिकांविरुद्धच्या संघर्षात ओढले गेले आणि सतराव्या वर्षी तुरुंगात गेले. तेथे त्यांनी सात वर्षे काढली. तुरुंगात एकदा त्यांना ज्यूंच्या संहारावरील चित्रपट पाहायला मिळाला. शत्रूंना मरताना पाहून बरे वाटेल, अशा अपेक्षेने ते पाहायला बसले. पण निःशस्त्र माणसांची ती कत्तल पाहून त्यांना रडू आवरेना. पुढे २००५ मध्ये, शस्त्र खाली ठेवलेल्या दोन्ही बाजूंच्या माजी लढवय्यांनी 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस' ही संघटना स्थापन केली. बसाम तिच्या संस्थापकांपैकी एक होते. रामी यांचा मुलगाही तिच्यात होता, आणि त्यातून या दोन घरांचा परिचय झाला.

१६ जानेवारी २००७ रोजी बसाम यांची दहा वर्षांची मुलगी अबीर जेरुसलेमजवळच्या अनाता गावात शाळेबाहेर होती. तिने नुकताच दुकानातून खाऊ घेतला होता. सीमा पोलिसांच्या जीपमधून झाडलेली रबरी गोळी तिच्या डोक्याला मागून लागली. दोन दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. त्या वेळी रामी रुग्णालयात बसाम यांच्या सोबत होते.

यानंतर बसाम यांनी सुडाचा मार्ग धरला असता तर कोणालाही आश्चर्य वाटले नसते. त्यांनी न्यायालयाचा मार्ग धरला. गोळी झाडणाऱ्यावर फौजदारी खटला झाला नाही. परंतु या मृत्यूला राज्य जबाबदार आहे, असा निर्णय दिवाणी न्यायालयाने २०१० मध्ये दिला. न्याय मागणे आणि सूड घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बसाम यांच्या या निवडीतून स्पष्ट होते. काही माजी इस्रायली सैनिकांनी इतरांच्या साहाय्याने अबीरच्या शाळेत तिच्या नावाने मुलांसाठी खेळाचे मैदान उभारले. बसाम यांनी पुढे इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात शांतता-अध्ययन या विषयाचे उच्च शिक्षण घेतले. ज्यूंच्या संहाराचा अभ्यास हा त्याचाच भाग होता.

तेव्हापासून रामी आणि बसाम एकमेकांना भाऊ म्हणतात. शाळांत, सभागृहांत आणि परदेशांतही दोघे शेजारी बसून आपापल्या मुलीची हकिकत सांगतात. त्यांच्या आयुष्यावर आधारलेली 'अपिरोगॉन' ही कादंबरी आयरिश लेखक कॉलम मॅकॅन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केली.

पाठगत प्रश्न १
(अ) 'पुत्रशोक' आणि 'शकूल' या शब्दांच्या अर्थांत कोणता फरक आहे?
(आ) मंचाला नवे सभासद नकोत, असे का म्हटले आहे?
(इ) मुलीच्या मृत्यूनंतर बसाम यांनी कोणता मार्ग निवडला?

५. काम कसे चालते?

मंचाच्या कामाचा गाभा अगदी साधा आहे. एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी शोकग्रस्त व्यक्ती एकत्र येऊन श्रोत्यांपुढे बसतात. आधी एक जण आपली हकिकत सांगतो, मग दुसरा. कोणी कोणाचे म्हणणे मध्येच तोडत नाही. कोणाचे दुःख मोठे, याचे माप काढले जात नाही. त्यानंतर श्रोते प्रश्न विचारतात. ते प्रश्न अनेकदा तीव्र आणि बोचरे असतात. इस्रायलमधील शाळांच्या वरच्या वर्गांत अशा भेटी अनेक वर्षे होत राहिल्या. तेथे बहुतेक ज्यू तरुण-तरुणींना अठराव्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. हातात बंदूक येण्यापूर्वी त्यांनी समोरच्या माणसाचे एकदा तरी ऐकावे, हा त्यामागील विचार आहे.

दुसरा उपक्रम दूरध्वनीचा होता. एका इस्रायली स्त्रीचा फोन चुकून एका पॅलेस्टिनी माणसाला लागला आणि दोघांचे बोलणे सुरू झाले. या घटनेवरून मंचाला कल्पना सुचली आणि २००२ मध्ये एक विनामूल्य दूरध्वनी-सेवा सुरू झाली. या क्रमांकावर फोन केला की इस्रायली व्यक्तीला पॅलेस्टिनी व्यक्तीशी आणि पॅलेस्टिनी व्यक्तीला इस्रायली व्यक्तीशी बोलता येई. उठाव ऐन भरात असताना, रस्ते आणि सीमा बंद असताना, लाखो फोन झाले. कित्येक संभाषणे भांडणात संपली. परंतु भांडण्यासाठीसुद्धा समोर माणूस आहे हे मान्य करावे लागते. या सेवेच्या नावात हिब्रूतील 'शालोम' आणि अरबीतील 'सलाम' हे दोन शब्द होते. दोहोंचा अर्थ शांतता असाच आहे आणि तेही एकाच मुळापासून आलेले आहेत.

तिसरा उपक्रम इतिहासाशी संबंधित आहे. दोन्ही समाजांतील माणसांचे गट काही महिने एकत्र येतात आणि एकमेकांचा इतिहास जाणून घेतात. पॅलेस्टिनी सभासद ज्यूंच्या संहाराचे संग्रहालय पाहतात. इस्रायली सभासद १९४८ मध्ये ओस पडलेल्या पॅलेस्टिनी गावाच्या अवशेषांतून फिरतात. दुसऱ्याचा इतिहास खरा मानलाच पाहिजे, अशी अट त्यात नसते. तो दुसऱ्याच्या मनात कोणत्या आकाराने वसला आहे, हे पाहणे एवढीच अपेक्षा असते.

चौथा उपक्रम म्हणजे संयुक्त स्मृतिदिन. इस्रायलमध्ये युद्धांत व हल्ल्यांत मरण पावलेल्यांचा राष्ट्रीय स्मृतिदिन दरवर्षी पाळला जातो. 'कॉम्बॅटंट्स फॉर पीस' या संघटनेने २००६ पासून त्याच्या पूर्वसंध्येला दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी एकत्र सभा घेण्यास आरंभ केला. पुढे मंचही या सभेचा संयोजक झाला. पॅलेस्टिनी सभासदांना सभेसाठी प्रवेश-परवाने देण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

६. क्षमा, तडजोड, विस्मरण आणि सलोखा

आपल्याकडे तंटा मिटवताना वडीलधारी माणसे 'झाले गेले गंगेला मिळाले' असे म्हणतात. म्हणजे जे घडले ते विसरून जावे. मंचातील कुटुंबांचा मार्ग हा नव्हे. ती काहीच विसरलेली नाहीत. आपल्या मुलाचे नाव आणि त्याच्या मृत्यूची हकिकत ती पुनःपुन्हा सांगतात. हा मार्ग तडजोडीचाही नव्हे. तडजोडीत प्रत्येक पक्ष आपली मागणी थोडी कमी करतो. गेलेल्या मुलाच्या बाबतीत कमी करण्यासारखे काहीच नसते. मग हा मार्ग क्षमेचा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी रोबी डॅमेलिन यांचा अनुभव उपयोगी पडतो.

रोबी डॅमेलिन मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. त्या १९६७ मध्ये इस्रायलला आल्या. त्यांचा मुलगा डेव्हिड तेल अवीव विद्यापीठात शिकत होता. पॅलेस्टिनी प्रदेशात लष्करी सेवा करावी की नाही, याविषयी त्याच्या मनात द्वंद्व होते. तरीही बोलावणे आल्यावर तो राखीव सेवेसाठी गेला. ३ मार्च २००२ रोजी एका तपासणी नाक्यावर एका पॅलेस्टिनी नेमबाजाने दहा जणांना ठार केले. डेव्हिड त्यांतला एक होता. मृत्यूची वार्ता घेऊन आलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना रोबी यांनी पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की माझ्या मुलाच्या नावाने कोणालाही मारू नका.

२००४ मध्ये तो नेमबाज पकडला गेला. त्यानंतर रोबी यांनी त्याच्या कुटुंबाला पत्र लिहिले आणि मंचातील पॅलेस्टिनी सभासदांनी ते पोचवले. काही वर्षांनी त्याचे उत्तर आले. त्यात पश्चात्ताप नव्हता. आपल्या कृत्याचे त्याने समर्थनच केले होते. येथे गोष्ट संपू शकली असती. परंतु समोरून मिळणाऱ्या प्रतिसादावर आपण आपली भूमिका अवलंबून ठेवणार नाही, असे रोबी यांनी ठरवले. क्षमा म्हणजे नेमके काय, हे शोधण्यासाठी त्या आपल्या जन्मभूमीत गेल्या.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत 'सत्य आणि सलोखा आयोग' स्थापन झाला होता. आर्चबिशप डेस्मंड टूटू त्याचे अध्यक्ष होते आणि १९९६ मध्ये त्याची जाहीर सुनावणी सुरू झाली. तेथे पीडितांनी आपले दुःख सांगितले. अत्याचार करणाऱ्यांपैकी ज्यांनी राजकीय हेतूने केलेल्या कृत्यांची पूर्ण कबुली दिली, त्यांना माफी मिळण्याची तरतूद होती. तेथे मुलगी गमावलेल्या एका मातेने रोबी यांना आपली व्याख्या सांगितली. तिच्या मते क्षमा म्हणजे सूड घेण्याचा आपला न्याय्य हक्क सोडून देणे. या व्याख्येत विसरणे नाही, अपराध लहान करणे नाही आणि अपराध्याने माफी मागावी ही अटही नाही. या शोधावर 'वन डे आफ्टर पीस' हा माहितीपट २०१२ मध्ये निघाला.

मंचातील सर्वच सभासद क्षमा करू शकलेले नाहीत आणि तशी सक्तीही नाही. ते सलोखा हा शब्द वापरतात. सलोखा म्हणजे आपले दुःख जपूनही दुसऱ्याच्या दुःखाला जागा देणे आणि आपल्या दुःखाचा उपयोग नव्या हत्येचे कारण म्हणून होऊ न देणे. क्षमा एकटा माणूस करू शकतो. सलोख्याला दोन माणसे लागतात.

७. टीका आणि मर्यादा

या कामावर दोन्हीकडून टीका होते. इस्रायलमध्ये काही लोक या कुटुंबांना देशद्रोही म्हणतात. सैनिकाचा मृत्यू आणि हल्लेखोराच्या बाजूचा मृत्यू एका पंक्तीत बसवल्याबद्दल त्यांना दोष देतात. २०२३ साली इस्रायलच्या शिक्षण मंत्रालयाने मंचाच्या शालेय कार्यक्रमांची मान्यता काढून घेतली. एप्रिल २०२५ मध्ये रानाना या शहरातील प्रार्थनास्थळात संयुक्त स्मृतिसभेचे प्रक्षेपण पाहणाऱ्यांवर जमावाने हल्ला केला.

पॅलेस्टिनी समाजातील टीका वेगळी आहे. दोन्ही बाजूंचे दुःख सारखे असले, तरी त्यांची परिस्थिती सारखी नाही. इस्रायली सभासद सभेनंतर मोकळ्या रस्त्याने घरी जातो. पॅलेस्टिनी सभासदाला सभेला येण्यासाठीच परवाना काढावा लागतो आणि परतताना तपासणी नाका ओलांडावा लागतो. लष्करी ताबा चालू असताना अशा भेटीगाठींमुळे अन्याय नेहमीचाच वाटू लागेल, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप वजनदार आहे. मंचातील सभासदही विषमता नाकारत नाहीत. रामी आणि बसाम दोघेही लष्करी ताबा संपला पाहिजे, असे उघडपणे सांगतात. सलोखा हा राजकीय तोडग्याला पर्याय नव्हे; परंतु कागदावरील करार माणसांच्या मनांत उतरला नाही तर तो टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

८. सर्वांत कठीण कसोटी

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० लोक मारले गेले आणि सुमारे २५० जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या युद्धात, ऑक्टोबर २०२५ च्या शस्त्रसंधीपर्यंत, गाझामध्ये ६० हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मृत्युमुखी पडल्याची नोंद तेथील आरोग्य मंत्रालयाने केली. या काळात शेजाऱ्यापाशीसुद्धा शांततेचा शब्द उच्चारणे कठीण झाले होते. तरीही मंच फुटला नाही. सभासद बोलत राहिले. प्रत्यक्ष भेटणे अशक्य झाले तेव्हा संगणकाच्या पडद्यावर भेटले.

मंचाबाहेरही हा विचार पोचला. माओझ इनोन या इस्रायली व्यावसायिकाचे आईवडील ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात आपल्या घरीच मारले गेले. त्यांच्या कुटुंबाने सूड नको, असे जाहीर केले. सांत्वनाचा संदेश पाठवणाऱ्यांत अझीझ अबू सारा हे पॅलेस्टिनी गृहस्थ होते. अझीझ लहान असताना त्यांचा एकोणीस वर्षांचा भाऊ इस्रायली कोठडीतील मारहाणीनंतर दगावला होता. पुढे मोठेपणी त्यांनी याच मंचात काम केले होते. त्या संदेशातून दोघांची मैत्री वाढली. मे २०२४ मध्ये इटलीतील व्हेरोना येथे हजारो लोकांसमोर ते एकत्र उभे राहिले आणि पोप फ्रान्सिस यांनी दोघांना आलिंगन दिले.

या कामामुळे युद्ध थांबले, असे म्हणता येणार नाही. कोणाचे मूलही परत आले नाही. परंतु अझीझ यांनी एकेकाळी दुसऱ्यांच्या दुःखाला जागा दिली होती. म्हणूनच कित्येक वर्षांनी, अत्यंत वाईट दिवशी, त्यांना माओझ यांना निरोप पाठवता आला. या कार्याचे मोल अशा निरोपांत आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) दूरध्वनी-सेवेची कल्पना कोणत्या घटनेवरून सुचली?
(आ) दक्षिण आफ्रिकेतील मातेने क्षमेची कोणती व्याख्या सांगितली?
(इ) पॅलेस्टिनी समाजातून मंचावर कोणता आक्षेप घेतला जातो?

तुम्ही काय शिकलात?

• १९९५ साली स्थापन झालेल्या मंचात दोन्ही बाजूंची शोकग्रस्त कुटुंबे एकत्र काम करतात.
• सलोखा म्हणजे विसरणे नव्हे आणि तडजोडही नव्हे. न्यायाची मागणी सलोख्याच्या आड येत नाही.
• दुःख सारखे असले तरी परिस्थिती विषम असू शकते. सलोख्याच्या कार्यात या विषमतेचे भान ठेवावे लागते.
• समोरच्या माणसाचे ऐकणे ही सलोख्याची पहिली पायरी आहे.

शब्दार्थ

शोकग्रस्त - जवळचे माणूस गमावल्याने दुःखात असलेला. विस्थापित - राहते ठिकाण सोडावे लागलेला. महाविपत्ती - मोठे संकट. आत्मघातकी - स्वतःचाही जीव घेणारा. द्वंद्व - मनातील ओढाताण. शस्त्रसंधी - लढाई थांबवण्याचा करार. प्रक्षेपण - दूरवरचा कार्यक्रम पडद्यावर दाखवणे.

स्वाध्याय

१. 'न्याय मागणे आणि सूड घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.' हे विधान पाठातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'क्षमा एकटा माणूस करू शकतो. सलोख्याला दोन माणसे लागतात.' या विधानाशी तुम्ही सहमत आहात काय? सकारण लिहा.
३. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण या पाठाला कशी लागू पडते? सात-आठ ओळींत लिहा.
४. तुमच्या गावात, वस्तीत किंवा कामाच्या ठिकाणी दोन घरांमध्ये जुना तंटा असेल, तर दोन्ही बाजूंचे म्हणणे तुमच्या शब्दांत, कोणालाही दोष न देता, दोन स्वतंत्र परिच्छेदांत लिहा.